गर्भातलं टेस्टोस्टेरॉन आणि स्वमग्नता: संशोधन जरूर करा, पण बोट आईकडेच का?

अबोली (धागाकर्ती)

मागच्या महिन्यात जाऊबाईंच्या बाळाचं बारसं होतं. माझा सहा वर्षांचा स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा पाळण्याखाली मांडी घालून बसला होता आणि वरच्या कडीकडे एकटक बघत होता. दर झोक्याला कडी करकरायची, आणि तो बोटांवर मोजायचा. तेवढ्यात घुगऱ्यांची वाटी माझ्या हातात देत चुलत सासूबाई म्हणाल्या, "तुला ते पीसीओडी होतं ना गं? त्यानंच याच्या डोक्यात पुरुषी हार्मोन जास्त गेलंय. मोबाइलवर आलं होतं बघ." त्या वाईट मनाच्या नाहीत. माझ्या मुलासाठी दर वेळी बिनवेलचीचा शिरा वेगळा काढून ठेवणाऱ्या त्याच. पण त्या घुगऱ्या मला काही खाता आल्या नाहीत.

घरी येऊन पुढचे काही दिवस जमेल तसं वाचलं. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केंब्रिज विद्यापीठातल्या सायमन बॅरन-कोहेन यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी "टोकाचा पुरुषी मेंदू" हा सिद्धांत पुढे आणला. माणसांच्या मनातलं ओळखणं बायकांना सरासरीनं जास्त जमतं, नियम, यंत्रं आणि रचना उलगडणं पुरुषांना, आणि स्वमग्न व्यक्ती या दुसऱ्या बाजूच्या टोकाला असतात, असं त्यांचं म्हणणं. असं का होतं हे शोधताना ते गर्भातल्या टेस्टोस्टेरॉनपाशी पोचले. पीसीओएसमध्ये (सासूबाई म्हणाल्या ते पीसीओडी, बीजकोशांचा विकार) बाईच्या अंगात अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोनं, जास्त असतात, म्हणून मग पीसीओएस असलेल्या आयांच्या मुलांकडे लक्ष वळलं. २०१६ मध्ये स्वीडनमधल्या मोठ्या नोंदींवरून निष्कर्ष आला की अशा आयांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेची शक्यता ५९ टक्क्यांनी जास्त असते.

हा ५९ चा आकडा घरोघरी फिरतो. तो कशाच्या ५९ टक्के, हे मात्र कुणी सांगत नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या नोंदींवरून बॅरन-कोहेन यांच्याच गटानं साधे आकडे दिले. पीसीओएस नसलेल्या आईचं मूल स्वमग्न असण्याची शक्यता १.७ टक्के, असलेल्या आईचं २.३ टक्के. म्हणजे माझ्यासारख्या शंभर जणींपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणींची मुलं स्वमग्न नसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. संशोधन व्हायलाच हवं. पण आज हातात असलेला पुरावा एखाद्या आईला "तुझ्यामुळे झालं" म्हणण्याइतका नाही, आणि गर्भावर त्यासाठी चाचणी काढण्याइतका तर मुळीच नाही. विरोधी मतं हवी आहेत. मला खरंच समजून घ्यायचंय.

दगडफूल

अबोलीताई, बारशाचा प्रसंग वाचून वाईट वाटलं. पण धाग्याच्या रोखाशी सहमत नाही. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो आणि हा विषय बरीच वर्षं वाचतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईला दोष द्यायची पद्धत हार्मोनच्या संशोधनातून आलेली नाही, ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेत मानसोपचारवाले उघड सांगत की आई फ्रिजसारखी थंड असते, मुलाला माया देत नाही, म्हणून मूल स्वतःत मिटून जातं. ब्रुनो बेटलहाइम यांनी हे मत लोकप्रिय केलं. त्या आयांचं काय झालं असेल याचा विचार करा. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी हे मेंदूचं जीवशास्त्र आहे, संगोपनाची चूक नव्हे, असं ठामपणे मांडलं. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. तिथून त्या आयांची सुटका सुरू झाली. हार्मोनवरचं काम त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे.

आता पुरावा. साधारण आठव्या ते चोविसाव्या आठवड्यात मुलग्याच्या गर्भात टेस्टोस्टेरॉनची लाट येते. याच काळात काही बायकांची वैद्यकीय कारणासाठी गर्भजल तपासणी होते, आणि त्या पाण्यात हे हार्मोन मोजता येतं. केंब्रिजच्या गटानं अशा मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. जास्त टेस्टोस्टेरॉन असलेली बाळं वर्षाची असताना डोळ्यांत कमी बघत होती, दीड-दोन वर्षांची असताना त्यांचा शब्दसंग्रह लहान होता. २००९ च्या अभ्यासात सहा ते दहा वर्षांच्या २३५ मुलांमध्ये हार्मोन जास्त तिथे स्वमग्नतेच्या गुणविशेषांचे गुणही जास्त निघाले. मग डेन्मार्कमध्ये गोठवून जपलेले गर्भजलाचे नमुने काढले. १९९३ ते १९९९ मध्ये जन्मलेले १२८ स्वमग्न मुलगे आणि तुलनेसाठी २१७ इतर. स्वमग्न गटात टेस्टोस्टेरॉनच नव्हे, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल असे एकाच साखळीतले स्टेरॉइड सरासरीनं चढे होते. २०१९ मध्ये त्याच साठ्यात इस्ट्रोजेनही चढे दिसले. २०२२ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूच्या पेशीगोळ्यांवर अँड्रोजेन टाकल्यावर चेतापेशी बनवणाऱ्या मूळ पेशींची संख्या वाढली. प्रत्येक धागा बारीक असेल, पण सगळे एकाच दिशेला ओढताहेत.

आणि तुमच्या चुलत सासूबाईंना एक गोष्ट नक्की सांगा. गर्भातलं टेस्टोस्टेरॉन मुख्यतः गर्भाचं स्वतःचं असतं. आईच्या रक्तातलं बरंचसं अँड्रोजेन वार (प्लासेंटा) अडवते, त्याचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. म्हणजे हा सिद्धांत पूर्ण मान्य केला तरी "तुझं हार्मोन त्याच्या डोक्यात गेलं" हे वाक्य चूकच ठरतं.

अबोली

वारेबद्दलचं मला माहीत नव्हतं. मनापासून आभार. पण मग पीसीओएसचा संबंध येतो कुठून?

दगडफूल

दोन शक्यता. एक, पीसीओएसमध्ये वारेचं काम थोडं वेगळं चालत असावं. दोन, स्टेरॉइड बनवणारी जनुकं आई-बाळात समान असतात, त्यामुळे आईत ती पीसीओएस म्हणून दिसतात आणि बाळात वेगळ्या रूपात. मला दुसरी जास्त पटते.

कोरीपाटी

मी बालविकास केंद्रात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. दगडफूल यांनी सांगितलेल्या अभ्यासांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी जे सांगितलेच नाहीत, त्यांबद्दल आहे.

ऑस्ट्रेलियात पर्थला १९८९ ते १९९२ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा मोठा पाठपुरावा चालू आहे. त्यांच्या नाळेतल्या रक्तात टेस्टोस्टेरॉन मोजलं आणि पुढे मोठेपणी स्वमग्नतेचे गुणविशेष तपासले. संबंध सापडला नाही. २०१६ मध्ये मेलिसा हाइन्स यांच्या गटाचा अभ्यास आला, तोही केंब्रिजमधलाच. त्यांनी दोन बाजूंनी बघितलं. एक, गर्भजलातलं टेस्टोस्टेरॉन आणि पुढचे गुणविशेष. दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. जन्मजात अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा एक विकार असतो, त्यात मुलींनाही गर्भात असताना खूप अँड्रोजेन मिळतं. निसर्गानंच करून ठेवलेला प्रयोग म्हणा. सिद्धांत खरा असेल तर या मुलींमध्ये स्वमग्नतेचे गुणविशेष ठळक दिसायला हवेत. या मुलींची त्यांच्या निरोगी बहिणींशी आणि नातेवाइकांशी तुलना केली. फरक नाही. गर्भजलाच्या बाजूनंही नाही.

आणखी एक. २००९ च्या त्या २३५ मुलांमध्ये कुणालाही स्वमग्नतेचं निदान नव्हतं. आयांनी प्रश्नावली भरली होती. प्रश्नावलीत जास्त गुण येणं आणि स्वमग्नता असणं यांत फार अंतर आहे. माझ्याकडे रोज जी मुलं येतात त्यांच्यापैकी कुणाला प्रेशर कुकरची शिट्टी सहन होत नाही, कुणी पाच वर्षांचं होऊनही पाण्यासाठी हात धरून माठापाशी नेतं, "पाणी" म्हणत नाही. हे एखाद्या सरासरी गुणविशेषाचं लांबलेलं टोक आहे असं धरून चालणं मला जड जातं.

दगडफूल

नाळेतलं रक्त म्हणजे वरातीमागून घोडं. लाट येऊन ओसरलेली असते, आणि तुम्ही जन्माच्या दिवशी मोजता. पर्थच्या अभ्यासाचा मला आदर आहे, पण तो या सिद्धांताची परीक्षा घेत नाही.

अ‍ॅड्रिनलच्या विकाराचंही एकतर्फी सांगू नका. २००६ मध्ये याच विकाराच्या बायकांमध्ये स्वमग्नतेचे गुण जास्त आढळले होते.

कोरीपाटी

हो, आढळले होते. पण तो अभ्यास प्रौढांवरचा आणि लहान होता, शिवाय उत्तरं ज्यांची त्यांनीच भरली होती. आयुष्यभर औषधं, लहानपणी शस्त्रक्रिया, दवाखान्याच्या वाऱ्या यांतून गेलेली बाई "मला लोकांत मिसळायला अवघड जातं" या वाक्यासमोर खूण करते, तेव्हा ती खूण गर्भातल्या हार्मोनची की नंतरच्या आयुष्याची, हे कसं ठरवणार? मुलांवरचा नंतरचा अभ्यास मला म्हणून जास्त वजनाचा वाटतो.

आणि तुम्ही सगळे धागे एकाच दिशेचे म्हणता, तिथेच माझं अडतं. आधी टेस्टोस्टेरॉन म्हणाले. मग सगळेच स्टेरॉइड झाले. मग २०१९ मध्ये सगळ्यांत ठळक संबंध निघाला तो एस्ट्रॅडिओलचा, ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो. तरी सिद्धांताचं नाव पुरुषी मेंदूच. कुठलंही हार्मोन चढं निघालं तरी सिद्धांत खराच ठरत असेल, तर तो खोटा कधी ठरणार?

दगडफूल

शरीरात एस्ट्रॅडिओल टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं. उंदरांच्या नराचा मेंदू नरासारखा घडवण्याचं बरंचसं काम हे एस्ट्रॅडिओलच करतं. त्यामुळे दोन्ही एकत्र चढे दिसण्यात विसंगती नाही. नाव बदलायला हवं, हे मात्र मान्य. मी स्वतः वर्गात "जन्मपूर्व स्टेरॉइड सिद्धांत" असंच शिकवतो.

खोटा कधी ठरेल, या प्रश्नाचं उत्तर देतो. डेन्मार्कसारखाच, पण दुसऱ्या देशातला, निदान झालेल्या मुलांचा मोठा गर्भजल अभ्यास होऊ द्या. तिथे फरक निघाला नाही तर मी माझं मत बदलेन.

काकण

बराच वेळ वाचत होते. आता लिहिते.

मी स्वमग्न बाई आहे. निदान एकतिसाव्या वर्षी झालं. माझ्या आजोळी घरासमोर कासाराचं दुकान होतं. सुट्टीत मी दिवसभर तिथे बसायची. बांगड्यांची मापं मला पाठ होती, दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की हाताकडे बघून मी माप सांगायची, आणि ते चुकायचं नाही. संध्याकाळी विस्कटलेला माल मी मापानं, मग रंगानं, मग रंगाच्या छटेनं लावायची. हिरव्याच्या सात छटा होत्या आणि त्यांना माझी माझी नावं होती. एखादं काकण चुकीच्या खणात गेलं की मला रात्री झोप लागायची नाही. सगळे म्हणायचे, किती गुणाची पोर, किती शांत.

हेच मी आगगाड्यांच्या इंजिनांचं केलं असतं आणि मुलगा असते, तर पाचव्या वर्षी कुणीतरी डॉक्टरकडे नेलं असतं.

म्हणून "पुरुषी मेंदू" हे शब्द वाचले की मला राग येतो. स्वमग्नतेवर सुरुवातीला लिहिणाऱ्या डॉक्टरांपैकी कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं त्यांत ८ मुलगे होते. अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ मध्ये चार मुलगेच वर्णन केले आणि ही पुरुषी बुद्धीची टोकाची तऱ्हा आहे असं त्याच लेखात लिहून ठेवलं. मुलगे बघून चौकट बनवली, त्या चौकटीनं पुढची मुलं मोजली, मुलगे जास्त निघाले, आणि मग मुलगे जास्त का याचं कारण हार्मोनमध्ये शोधायला निघाले. पूर्वी चार मुलग्यांमागे एक मुलगी म्हणायचे. २०१७ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून बघितलं तर प्रमाण तीनास एकच्या जवळ आलं, आणि मुलींचं निदान निसटतं हेही त्यांनी लिहिलं. माझ्यासारख्या किती जणी अजून "शांत पोर" म्हणून राहिल्या असतील?

आणि सहानुभूतीचं काय? समोरच्याचा चेहरा वाचायला मला उशीर लागतो, हे खरं. पण आजी गेली तेव्हा मी महिनाभर हिरवा रंग बघू शकले नाही, कारण तिच्या हातात कायम हिरव्या काचा असायच्या. याला सहानुभूतीचा अभाव म्हणू नका.

कोरीपाटी

काकण, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. एक भर घालते. मुलग्यांचं प्रमाण जास्त असण्याला हार्मोनशिवाय दुसरंही उत्तर दिलं जातं. निदान झालेल्या मुलींमध्ये जनुकीय बदल सरासरीनं जास्त किंवा जास्त गंभीर सापडतात. म्हणजे मुलींना काहीतरी राखण मिळतं आणि ती राखण ओलांडायला मोठा धक्का लागतो, असा एक अर्थ लावतात.

दगडफूल

ती राखण म्हणजे हार्मोनच नसेल कशावरून? पण काकणताईंचं चौकटीबद्दलचं म्हणणं मला खोडता येत नाही. २०२२ च्या त्या पेशीगोळ्यांवर काम करणाऱ्यांनाही बांगड्यांचं दुकान दिसलेलं नसणार.

रेल्वेफाटक

मी वडील आहे. मुलगा नऊ वर्षांचा. माझं मत इथल्या बहुतेकांना आवडणार नाही.

आमची चार वर्षं फुकट गेली. "मुलगे उशिरा बोलतात", "बापावर गेलाय", "शाळेत गेला की बोलेल". बालरोगतज्ज्ञसुद्धा तेच म्हणाले. निदान झालं तेव्हा तो पाच वर्षांचा होता. गर्भात असतानाच कुणी सांगितलं असतं की शक्यता जास्त आहे, तर आम्ही पहिल्या दिवसापासून डोळे उघडे ठेवले असते. बायकोनं नोकरीचं वेगळं ठरवलं असतं. गाव सोडून शहरात आलो असतो, कारण आमच्या तालुक्यात वाचा-उपचार करणारं कुणी नव्हतं, मी आठवड्यातून दोनदा एसटीनं ९० किलोमीटर नेत होतो. चाचणी म्हणजे पाप, असं धरून बोलणाऱ्यांनी त्या एसटीत एकदा बसून बघावं. खिडकीची काच कंप पावायची आणि तो तासभर कानांवर हात दाबून असायचा.

साठीपार

रेल्वेफाटक, तुमचा राग मला कळतो. तरी विरोधच करणार आहे. त्याचं कारण माझ्या आयुष्यातलं आहे.

१९८०च्या दशकात मी मुंबईत होते. गर्भजल परीक्षेविरुद्धच्या मोर्च्यांत होते. आज तरुणांना तो शब्दही माहीत नाही. ही परीक्षा बाळातले जन्मजात दोष ओळखण्यासाठी आली होती, अगदी चांगल्या हेतूनं. काही वर्षांत ती फक्त एका प्रश्नासाठी होऊ लागली, मुलगा की मुलगी. आज थोडे पैसे खर्चा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागायच्या. आम्ही दारोदार जायचो तेव्हा बायका काय म्हणायच्या ठाऊक आहे? "आधी कळलेलं बरं ना ताई, तयारीला बरं पडतं." हेच शब्द. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या.

आता गर्भजलातलं टेस्टोस्टेरॉन मोजायची कल्पना करा. मुलग्याच्या गर्भजलात ते सरासरीनं मुलीच्या दुपटीहून जास्त असतं. म्हणजे तो अहवाल हातात आला की स्वमग्नतेचं काही कळो न कळो, मुलगा की मुलगी याचा अंदाज बांधता येणार. जे दार बंद करायला आमची उमेद गेली, ते या नावाखाली पुन्हा किलकिलं होईल. आणि "शक्यता थोडी जास्त" एवढं ऐकून आपल्याकडची किती कुटुंबं वाट बघतील, आणि किती जणं त्या बाईला टेबलावर झोपवतील? आम्ही काय काय पाहिलंय ते मला इथे लिहवत नाही.

दगडफूल

चाचणीच्या बाबतीत मी पूर्णपणे साठीपार यांच्या बाजूचा आहे, आणि निव्वळ विज्ञानाच्या आधारानं आहे. डेन्मार्कच्या अभ्यासात फरक होता तो गटांच्या सरासरीत. दोन्ही गटांचे आलेख एकावर एक ठेवले तर बहुतांश भाग एकमेकांना झाकतो. एका बाळाचा आकडा बघून ते कुठल्या गटातलं हे सांगता येत नाही. संशोधकांनी हे तेव्हाच स्पष्ट बजावलं होतं. २००९ च्या अभ्यासानंतर ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांत गर्भातल्या चाचणीची चर्चा उसळली, त्याही वेळी बॅरन-कोहेन यांना सांगावं लागलं की आपला अभ्यास चाचणीबद्दलचा नाहीच.

कोरीपाटी

आणि उपचाराबद्दलचाही नाही, हेही लिहून ठेवूया. अमेरिकेत मार्क गायर आणि त्यांचा मुलगा डेव्हिड यांनी स्वमग्न मुलांना ल्युप्रॉनची इंजेक्शनं देण्याचा प्रकार चालवला होता. पारा आणि टेस्टोस्टेरॉन यांचं काहीतरी जुळवून त्यांनी तो सिद्धांत बनवला होता. हे औषध शरीरातलं टेस्टोस्टेरॉन दाबतं, प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये वापरतात. लहान मुलांना हे दिलं गेलं. मेरीलँड राज्यानं २०११ मध्ये मार्क गायर यांचा परवाना स्थगित केला, पुढच्या वर्षी रद्द केला. स्वतः बॅरन-कोहेन यांनीही या प्रकाराला जाहीर विरोध केला होता. सिद्धांत मांडणारा कितीही सावध असो, घाबरलेल्या आई-बापांपर्यंत तो पोचतो तेव्हा त्याचं असं होऊ शकतं.

रेल्वेफाटक, तुमची चार वर्षं गेली ती गर्भातली चाचणी नव्हती म्हणून नाही. दीड वर्षाच्या बाळासाठी साधी प्रश्नावली असते, दहा मिनिटं लागतात. बोट दाखवतं का, नाव घेतल्यावर वळून बघतं का, तुम्ही बघताय तिकडे बघतं का. अमेरिकेत दीड आणि दोन वर्षांना प्रत्येक मुलाची अशी तपासणी करावी असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आपल्याकडे लसीच्या वेळी मूल समोर आलेलंच असतं, तेव्हा हे तीन प्रश्न कुणी विचारले असते तर तुमची साडेतीन वर्षं वाचली असती. मी भांडेन ते यासाठी.

रेल्वेफाटक

लसीच्या वेळी वजन केलं, डोक्याचा घेर मोजला. बोट दाखवतो का, हे कुणी विचारलं नाही. तो दाखवत नव्हता.

साठीपार यांचं वाचून रात्रभर विचार केला. आमच्या घरात माझी आई होती, बायकोच्या बाजूनं कुणी नव्हतं. आधी कळलं असतं तर मी आत्ता म्हणतोय तसा वागलो असतो का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

कोवळीपालवी

नमस्कार. मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. मला पाचवा महिना चालू आहे. पीसीओएस आहे. मेटफॉर्मिन चालू आहे आणि पहिले तीन महिने प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्याही होत्या. वर प्रोजेस्टेरॉन चढं होतं असं वाचलं आणि हातपाय गार पडले. मेटफॉर्मिन बंद करू का? काल रात्रीची गोळी घेतली नाही. घरी कुणाला सांगितलेलं नाही.

दगडफूल

ताई, गोळी स्वतःहून बंद करू नका. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि कालची राहिली हे सांगा. डेन्मार्कमध्ये मोजलं ते गर्भजलातलं प्रोजेस्टेरॉन होतं, आईला दिलेल्या गोळ्यांचा तो अभ्यासच नव्हता. मी वर हार्मोनची नुसती यादी दिली, त्यातून हा गैरसमज झाला. चूक माझी आहे. तिथेच स्पष्ट लिहायला हवं होतं.

कोरीपाटी

दगडफूल यांच्याशी शंभर टक्के सहमत. अजून एक सांगते. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलवर स्वमग्नतेचं खापर फोडलं, तेव्हाही बायका अशाच घाबरल्या होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमध्ये २४ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या. एकाच आईच्या भावंडांची तुलना केली तेव्हा पॅरासिटामॉलचा संबंध उरलाच नाही. आणि २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला. त्यात स्वमग्नतेतला सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक निघाला, आणि आईमुळे म्हणून वेगळा काढता येईल असा परिणाम जवळपास नव्हता.

काकण

कोवळीपालवी, मी इथे आहे. काही बोलावंसं वाटलं तर लिही.

अबोली

कोवळीपालवी, मीही सात वर्षांपूर्वी हेच केलं होतं. मेटफॉर्मिनची पट्टी स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे लपवली होती, कुणीतरी काहीतरी सांगितलं म्हणून. चार दिवसांनी सासऱ्यांना सापडली. त्यांनी काही न बोलता रिक्षा आणली आणि मला दवाखान्यात नेलं. तू चार दिवस थांबू नकोस. आज फोन कर, आणि घरात ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एकाला तरी सांग.

फोन झाला की इथे कळव. मी जागी आहे. मुलगा अजून झोपलेला नाही, पंख्याचे फेरे मोजतोय.

कोवळीपालवी

फोन केला. डॉक्टर म्हणाल्या आजची वेळेवर घ्या, कालची भरून काढायला दोन घेऊ नका. नवऱ्याला सांगितलं. अबोलीताई, तुमच्या मुलाचे किती फेरे झाले?

अबोली

चारशे बारा. मग वीज गेली आणि तो माझ्याच कुशीत झोपला.